अनुभव धागा: कचरावेचकाच्या कमाईला गळती कुठे लागते?

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या वेचकांच्याच सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला आणि दारोदारचा कचरा उचलण्याचं काम रीतसर वेचकांकडे आलं. कमाई दोन ठिकाणची: घरागणिक महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार. यातला पैसा कुठे गळतो, जाणकारांनी लिहावं. कळवळा नको, तपशील हवा.

रद्दीकाटा: पहिली गळती तुमच्या डब्यात. पुठ्ठा ओला झाला की भंगाराचा दुकानदार वजनात तूट धरतो, फारच भिजला तर घेतच नाही. डब्यात वाटीभर आमटी सांडली की वरची रद्दी, खालचा पुठ्ठा दोन्ही गेले. दुधाची पिशवी विसळून वाळवा आणि कापलेला कोपरा पिशवीलाच राहू द्या. सुटा तुकडा कोणी वेचत नाही. बाटलीचं बूच काढून ठेवा. बाटलीचं प्लास्टिक पाण्यात बुडतं, बुचाचं तरंगतं. माल वेगळा, भावही वेगळा. चिप्सच्या चकचकीत पाकिटांना मात्र धुऊन-पुसूनही भाव येत नाही, एकावर एक चिकटवलेले थर सुटत नाहीत.

लाल ठिपका: पॅड-डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे आत काय ते न उघडता कळतं. फुटकी काच खोक्यात घालून वर ‘काच’ लिहा. “हातमोजे दिलेत की!” हे उत्तर नव्हे. जाड हातमोज्यात बोटांना माल कळत नाही, म्हणून निवडताना बाया ते काढून ठेवतात.

जिना क्र. ३: मोठी गळती सोसायटीतच. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या कमिटी परस्पर विकते नाहीतर हाऊसकीपिंगवाले आधीच बाजूला काढतात. वेचक बाईच्या वाट्याला ओला कचरा आणि चिप्सची ती बिनभावाची पाकिटं. वर शुल्कात घासाघीस! भंगार काढून घ्यायचंच असेल, तर शुल्क वाढवून द्या.

गोणी: निवडलेला माल साठवून विकला तर दर बरा मिळतो, पण साठवायला कोरडी जागा लागते. ती नसली की रोजचा माल रोज, मिळेल त्या भावाने. त्यात दुकानदाराकडून उचल घेतलेली असेल तर दुसरीकडे माल तोलून विकता येत नाही. भाव तो सांगेल तो. टेम्पो असलेला फिरता भंगारवाला हाच माल थेट ठोक व्यापाऱ्याकडे नेतो. डोक्यावर गोणी घेऊन जाणारीला जवळचं दुकानच गाठावं लागतं.