विहारचित्रांतली माणसं: जवळीक, सलगी की शृंगार?

चौकट : दादरला मराठीतून चित्ररसग्रहणाचा वर्ग घेते. पुढचा विषय आहे बागा, तळी, सहली आणि तिथे एकमेकांत रमलेली माणसं. इंग्रजी टिपणातल्या ‘इंटिमसी’ला कोणीतरी ‘अंतरंगता’ करून दिलंय. पडद्यावर ते दिसलं की अर्धा वर्ग चहाला उठेल. ‘जवळीक’ चालेल का?

गिरगावकर : चालेल, पण वर्तमानपत्रांनी त्या शब्दाची पार रया घालवलीय. एक तर ‘जवळीक साधून गंडा’, नाहीतर निवडणुकीच्या तोंडावर दोन पक्षांची वाढती जवळीक. ‘लगट’ मात्र नकोच. ती एकतर्फी असते आणि समोरच्याला बहुधा नको असते. ‘घसट’ येण्याजाण्याची. ‘सान्निध्य’ कर्जतच्या रिसॉर्टवाल्यांनी नेलं.

दौत : ‘सलगी’ विसरलात. फक्त सलगीत पायरी असते. समर्थांच्या नावे असलेल्या, संभाजीराजांना लिहिलेल्या पत्रात शिवरायांच्या ‘सलगी देण्या’चा उल्लेख येतो: मोठ्याने लहानाला जवळ येऊ देणं. सलगी दिली की डोक्यावर बसतो, असं आपणही म्हणतोच. सलगी कोणीतरी देतं, कोणीतरी करतं. जवळीक दोघांत होते.

आता हे चित्रांना लावून बघा. फ्रेंच चित्रकार फ्रागोनारचा ‘झोका’, साल १७६७च्या आसपास. झोक्यावर गुलाबी झग्यातली तरुणी, मागे अंधारात दोर ओढणारा वयस्क माणूस, पुढे झुडपात लपलेला तरुण, आणि तिच्या पायातून हवेत उडालेला जोडा. ही चोख सलगी. तिनेच दिलेली, आणि किती द्यायची तेही तिनेच ठरवलेलं.

फ्रेंच चित्रकार वातोने १७१७ साली फ्रान्सच्या चित्र-शिल्प अकादमीला दिलेलं, प्रेमदेवता व्हीनसच्या सिथेरा बेटाच्या यात्रेचं चित्र घ्या. उजवीकडे गुलाबांनी सजवलेल्या व्हीनसच्या पुतळ्यापाशी एक जोडपं बसलंय, ती पंख्याकडे बघतेय, तो कानाशी काहीतरी कुजबुजतोय. शेजारचा पुरुष आपल्या बाईला दोन्ही हात देऊन उठवतोय. तिसरं जोडपं निघालंय, पण बाई मान वळवून मागे बघते. हे बेटावर निघालेत की तिथून परततायत, यावर अभ्यासक भांडत आलेत. त्या मानेला सलगी म्हटलं तर चित्र पोरखेळ होईल. तिथे जवळीकच.

रसिकमोरेश्वर : एवढी खटपट कशाला? ‘शृंगार’ म्हणा की सरळ! अठराव्या शतकातल्या निहालचंदची राजस्थानातल्या किशनगढची चित्रं बघा: तळं, लाल नाव, झाडीत राधाकृष्ण. मीलनही त्यात, विरहही त्यात. आपल्याकडे रागमालेतला, म्हणजे रागांच्या चित्रमालिकेतला, हिंदोल झोपाळ्यावर बसलाय तो फ्रागोनारची वाट बघत नव्हता.

दौत : मोरेश्वरराव, किशनगढला शंभर टक्के मान्य. पण फ्रेंच चित्रकार जॉर्ज सराचा ‘ग्रांद जात’वरचा रविवार (१८८४–८६) शृंगारात कसा बसवणार? सीन नदीतलं बेट, गवतावर छत्र्या, माकड, कुत्री, पन्नासेक माणसं, आणि जवळपास कोणीच कोणाकडे बघत नाही. मला तर तिथे जवळीकसुद्धा दिसत नाही. फार तर शेजार.

गिरगावकर : ‘शेजार’ झकास! चाळीत वाढलेल्याला लगेच पटेल. आणि फ्रेंच चित्रकार माने? १८६३च्या त्या गवतावरच्या जेवणात कोटातले दोन पुरुष गप्पांत दंग आणि विवस्त्र बाई थेट आपल्याकडे बघतेय. जवळीक असलीच तर तिची आपल्याशी, आणि तीही आपल्याला अवघडवणारी.

चौकट : माने घेणार आहेच, वर्गात आजोबा आहेत तरी. आता दुसरी अडचण. टिपणात पुढे ‘आदर्श विरंगुळा’ आहे. शाळेचं नाव वाटतं.

दौत : ‘विहार’. वनविहार, जलविहार. काळजी नसणं विहारातच आलं, ‘आदर्श’ वेगळं जोडायला नको. मुंबईकराला आधी तलाव आठवेल, आठवू दे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर शहराकडे पाठ करून बसलेल्या जोडप्यांना विहार म्हणवत नाही, ते घरात जागा नाही म्हणून आलेले असतात. वातोच्या बागेत जागेची ददात नाही. म्हणून त्या चित्रांना मी ‘विहारचित्रं’ म्हणेन आणि कठड्यावरच्यांना नाही.

रसिकमोरेश्वर : कठड्यावर जवळीक असते, विहार नसतो, असंच ना? मग वर्गात तो फोटोही दाखवा. पाठमोरा, म्हणजे कोणाची ओळख पटायची नाही.

चौकट : दाखवते, सराच्या लगेच नंतर. मथळा ‘विहारचित्रांतली जवळीक’ ठेवतेय, फ्रागोनारखाली ‘सलगी’, किशनगढखाली ‘शृंगार’. ‘अंतरंगता’ खोडली.