फर्मवेअर मोकळं करायचं म्हणजे जुन्याच मशीनवर राहायचं का?

खाडीकाठ (धागाकर्ता):
मुंबईच्या एका ऑफिसने आमच्या वाचनालयाला जुने थिंकपॅड दिलेत. लिनक्स टाकून झालं, पण तेवढ्यावर थांबू नये; फर्मवेअर, म्हणजे मशीन उठवणारा चिपमधला कोड, तोही मोकळा, कुणालाही वाचता-बदलता येईल असा करावा, असं माझं मत. इंटेलच्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा वेगळा छोटा संगणक असतो. त्यात काय चालतं ते मालकाला बघता येत नाही. मे २०१७ मध्ये त्याच्या एएमटीत, म्हणजे मशीन दुरून सांभाळायच्या सोयीत, असं भोक निघालं की पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी आत प्रवेश! एक्स२०० या थिंकपॅडवर कंपनीच्या बायोसच्या, म्हणजे मूळ फर्मवेअरच्या, जागी लिब्रेबूट हे मोकळं फर्मवेअर टाकून हे इंजिन पूर्ण काढता येतं. मग आपणही का काढू नये?

सोल्डरकाका, रत्नागिरी:
अरे, एक्स२०० हे २००८चं मशीन. त्यानंतर इंटेलने दोर आवळले. पुढच्या पिढ्यांत इंजिनाचा कोड पुसलास तर अर्ध्या तासात मशीन आपोआप बंद होतं. २०१३च्या हॅसवेल प्रोसेसरांपासून बूट गार्ड, म्हणजे बायोसवरची सही तपासणारा पहारा, आला. कंपनीने तो चालू केला असेल तर तिच्या किल्लीचा ठसा चिपसेटमध्ये कायमचा जाळलेला असतो. बायोसची सही जुळली नाही की मशीन उठतच नाही. तिथे कौशल्याचा प्रश्नच येत नाही. तुमची मॉडेलं कुठली ते आधी बोल.

खाडीकाठ:
एक्स२३०, काका. २०१२ची.

सोल्डरकाका, रत्नागिरी:
मग निम्मं काम होईल. एमई-क्लीनर नावाच्या प्रोग्रॅमने इंजिनाचा बहुतेक भाग छाटता येतो, शंभर केबीच्या आसपास उरतो. तो मशीन उठवून गप्प बसतो.

निखळ:
पण उरलेला भागही इंटेलच्याच सहीचा, बंदच. याला मोकळं म्हणायचं तर सगळंच मोकळं. लिब्रेबूटने २०२२ मध्ये बंद कोड न घ्यायचं धोरण सैल केलं तेव्हाच हे होणार हे दिसत होतं.

बंदरावरून:
निखळभाऊ, पूर्ण मोकळ्या म्हणवणाऱ्या एक्स२०० मधला मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरला आतून चालवणारा कोड, कोणाचा? तो प्रोसेसरच्या आत कारखान्यातूनच येतो, आणि तोही बंद. अपडेट नाकारलं म्हणून तो जात नाही, फक्त जुना बंद कोड चालू राहतो. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर हे प्रोसेसरांतलं भोक बाहेर आलं तेव्हा इंटेलने बऱ्याच प्रोसेसरांसाठी नवे मायक्रोकोड काढले. ते न घेण्यात कसलं स्वातंत्र्य?

निखळ:
मायक्रोकोडवर मी अडून बसत नाही. पण तडजोडीला तडजोड म्हणा, एवढंच.

पेंडूरचो:
माका एकच सांगा. पाऊस सुरू झालो की आमच्याकडे लाईट कधी जातली काय नेम नाय. चिपवर नवा फर्मवेअर लिवताना लाईट गेली तर मशीन कामातून गेला मा?

सोल्डरकाका, रत्नागिरी:
मशीनच्या आतूनच लिहीत असशील तर हो. चिपच्या पायांना क्लिप लावून बाहेरून, दुसऱ्या मशीनवरून लिहिलं तर पुन्हा लिहायचं, बस. आपल्याकडे खरा त्रास खाऱ्या हवेचा. एक्स२३० मध्ये आठ आणि चार एमबीच्या दोन चिपा आहेत. त्यांच्या पायांवर हिरवट थर चढला की क्लिप धरत नाही, आणि दर वाचनाला वेगळीच फाइल येते. पाय स्पिरिटने पुसा, दोनदा वाचा, दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच पुढे. आणि चिप लिहायला ते स्वस्त काळं सीएच३४१ए यंत्र घेणार असाल तर जपून. त्यातलं बरंच डेटा लाइनवर पाच व्होल्ट सोडतं. चिप ३.३ व्होल्टची.

बंदरावरून:
इतकी यातायात वाचनालयासाठी? पोरं तिथे स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरायला येतात.

खाडीकाठ:
फायदाही आहे की. मूळ बायोस कंपनीच्या यादीबाहेरचं वायफाय कार्ड घेतच नाही. कोअरबूटवर, म्हणजे लिब्रेबूट ज्यावर उभं आहे त्या फर्मवेअरवर, ती अट नाही. मग जुनं अथेरोस कंपनीचं कार्ड टाकता येईल, त्याला बंद फर्मवेअरची फाइल लागत नाही.

निखळ:
हे मात्र पटलं. पण एकच मशीन करा आधी. बाकीची तशीच ठेवा.

सोल्डरकाका, रत्नागिरी:
रविवारी दुकानात घेऊन ये. बॅटरी काढून आण, चार्जर घरीच ठेव. आणि मूळ रॉमची, म्हणजे चिपमधल्या जुन्या बायोसची, प्रत ठेवायला पेनड्राइव्ह तुझा तू आण.