डिसेंबरात केदारकंठा: थंडीत पाणी किती प्यायचं आणि ते गोठू नये म्हणून काय करायचं?

तळ्याकाठचा

मंडळी, नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण सोलापूरहून केदारकंठ्याला (उत्तराखंडातलं हिमालयातलं शिखर) जायलोय. मार्ग नेहमीचाच: सांक्री (साधारण १,९५० मीटर), जुडा का तालाब (२,७७०), बेस कॅम्प (३,४३०), मग पहाटे शिखर (३,८१०). तिघे पुरुष, दोघी महिला. एक जण ४८ वर्षांचे आहेत, रोज बीपीची गोळी घेतात. संभाजी तलावाला रोजच्या फेऱ्या चालू आहेत, दमाचा प्रश्न नाही.

प्रश्न पाण्याचा आहे. मे महिन्यात ४२-४३ अंशांत पाणी कसं प्यायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण तिथे घाम नाही, तहान नाही, मग अंदाज कशावरून बांधायचा? एक जण म्हणतो रोज ५ लिटर सक्तीने प्या म्हणजे डोकं दुखत नाही, दुसरा म्हणतो थंडीत दीड लिटर पुरे. नळीवाली २ लिटरची पिशवी घेतली आहे. ओआरएसची पाकिटं न्यायची का, आणि डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं) काय, तेही सांगा.

भुईकोट_बुरूज

दोघांचंही ऐकू नका. आपल्याकडे घाम आणि तहान सांगतात तसं पाणी प्यायचं, हे गणित चालतं. तिथे दोन्ही गप्प बसतात. हवा विरळ, म्हणून श्वास जलद आणि खोल होतो. बाहेरची हवा थंड आणि कोरडी, ती छातीत गरम आणि ओली होऊन बाहेर पडते. तोंडातून निघणारी वाफ दिसते ना, ते तुमचंच पाणी. त्यात थंडीने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त धडाकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालं आणि लघवी वाढते. उंचीवर मूत्रपिंडं बायकार्बोनेट नावाचा क्षार बाहेर टाकतात, त्यानेही लघवी वाढते. ते मात्र शरीर उंचीला जुळवून घेत असल्याचं लक्षण आहे, घाबरू नका. आणि जाड जॅकेटच्या आत चढावर घाम येतोच, फक्त थर शोषून घेतात म्हणून कळत नाही. चालायला लागण्याआधी एक थर काढा, थोडी थंडी वाजली तरी चालेल.

प्रमाण: दिवसाला सगळं मिळून ३ ते ४ लिटर. चहा, सूप, पातळ डाळ यातच धरा. चहाने पाणी निघून जातं हा समज रोज चहा पिणाऱ्याला लागू नाही. सकाळी निघण्याआधी अर्धा लिटर कोमट, चालताना दर वीस मिनिटांनी १५० मिली म्हणजे चार-पाच मोठे घोट, मुक्कामाला पोचल्यावर तासाभरात अर्धा लिटर, उरलेलं जेवणासोबत. संध्याकाळी सातनंतर हात आखडता घ्या, नाहीतर रात्री तीनदा तंबूची चेन उघडावी लागेल.

५ लिटर सक्तीने पिण्यात खरा धोका आहे. मूत्रपिंडं तासाला साधारण ८०० मिली ते १ लिटर पाणीच बाहेर टाकू शकतात. त्यावर नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ उडणं, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं ही त्याची लक्षणं. ती उंचीवरच्या विरळ हवेने होणाऱ्या आजारासारखीच दिसतात, म्हणून माणूस अजून पाणी पितो आणि अजून बिघडतो.

मोजायला एकच साधन: लघवी. फिकट पिवळी असली की ठीक. गडद आणि थोडी असेल तर कमी पडतंय. पाण्यासारखी पांढरी आणि तासातासाला होत असेल तर थांबा, खारं काहीतरी खा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर मात्र रंग भडक पिवळा होतो, त्यावर जाऊ नका.

चादर_घरी_ठेवा

वरचं बरोबर. मी फक्त सामानाचं सांगतो.

नळीवाली पिशवी सांक्री ते जुडा का तालाब ठीक आहे. शिखराच्या पहाटे ती दगा देते. पिशवीतलं पाणी गोठत नाही, गोठतं ते नळीतलं आणि सगळ्यात आधी तोंडाचा व्हॉल्व्ह. वापरायचीच असेल तर प्रत्येक घोटानंतर नळीत उलटी फुंकर मारून पाणी पिशवीत परत ढकला, नळीला फोमचं आवरण घाला, व्हॉल्व्ह जॅकेटच्या आत ठेवा. पहाटे अडीच-तीनला, हातमोजे घालून, हे दर वीस मिनिटांनी कोण करतंय? त्यापेक्षा माणशी रुंद तोंडाची जाड प्लास्टिकची १ लिटरची बाटली आणि ७५० मिलीचा थर्मास घ्या. अरुंद तोंडाच्या बाटलीचं झाकण आधी चिकटतं.

बाटली उकळत्या नाही पण चांगल्या गरम पाण्याने भरा, लोकरीच्या मोज्यात घाला आणि सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे तो बुडाशी बसतो आणि झाकण मोकळं राहतं. उलटं ठेवण्याआधी गळते का ते घरी तपासा. ओआरएस घातलं की पाणी गोठत नाही असं काही जण सांगतात. त्याने गोठणबिंदू अर्ध्या अंशानेही खाली येत नाही.

रात्री तीच गरम बाटली स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. पाय गरम राहतात आणि सकाळी न गोठलेलं पाणी हाताशी असतं. थर्मास यासाठी निरुपयोगी, तो उष्णता बाहेर सोडतच नाही. मिनरल वॉटरच्या पातळ बाटलीत गरम पाणी ओतू नका, ती आकसते.

शुद्धीकरण: ३,४०० मीटरवर पाणी साधारण ८८-८९ अंशांना उकळतं. तिथे डाळ शिजत नाही म्हणून जंतूही मरत नाहीत असं नाही. खळखळून ३ मिनिटं उकळलं की पुरे. क्लोरीनच्या गोळीला एरवी अर्धा तास लागतो, बर्फगार पाण्यात तासभर द्या. पोकळ तंतूंचा फिल्टर नेत असाल तर तो एकदा जरी आतून गोठला तरी तंतू तडकतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. दिवसा जॅकेटच्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये.

बर्फ वितळवायचा असेल तर भांड्याच्या बुडाशी कपभर पाणी आधी घाला. नुसत्या कोरड्या बर्फाने भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास लागतो. ताज्या भुसभुशीत बर्फाची दहा लिटरची बादली भरली तर जेमतेम १ लिटर पाणी निघतं, त्यामुळे गॅसचा हिशेब आधी करा. चालताना बर्फ चघळू नका. ओठ आणि घसा फुटतो, अंगातली ऊब जाते, मिळतं काय तर दोन घोट.

आणि हो, चादर सोलापुरी असली तरी सुती आहे. गाडीत पांघरा, वर नेऊ नका.

तळ्याकाठचा

फार उपयोगी. एक शंका: चालण्याआधी आणि नंतर वजन करून १ किलो घटलं म्हणजे १ लिटर पाणी गेलं, असं मोजता येतं ना? तसं इथे करून तिथला अंदाज काढला तर?

ओपीडी_संपल्यावर

पद्धत बरोबर, पण इथला आकडा तिथे लावू नका. इथे जातो तो घाम, तिथे श्वास आणि लघवी. इथे सराव करायचा तो सवयीचा: पाठीवर ८ किलो, मोबाईलवर दर वीस मिनिटांचा गजर, गजर झाला की घोट.

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळीने लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. ४८ वर्षांच्या गृहस्थांनी बीपीच्या गोळीची पट्टी घेऊन स्वतःच्या डॉक्टरांकडे जावं. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर दोन्ही एकत्र घेताना पाणी आणि क्षार दोन्ही घटतात. मनाने गोळी बंदही करायची नाही.

तुमच्या मार्गात २,७७० वरून ३,४३० म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची ६६० मीटरने वाढते. ३,००० च्या वर ती दिवसाला ५०० पेक्षा जास्त वाढू नये असा दंडक आहे. जमलं तर जुडा का तालाबला एक रात्र जादा काढा. पाणी कितीही प्यायलं तरी ही उडी भरून निघत नाही.

बेस कॅम्पला डोकं दुखलं तर अर्धा लिटर पाणी, थोडं खाणं, तासभर विश्रांती. पूर्ण थांबलं तर पाण्याची कमतरता होती असं धरा. नाही थांबलं, किंवा सोबत मळमळ, जेवण नको वाटणं असेल, तर विरळ हवेचा त्रास समजा आणि पुढे चढू नका. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी खाली उतरवा.

ओआरएस: पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र आणि १ लिटरसाठी २०.५ ग्रॅम लिहिलेलं बघून घ्या. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. एक पाकीट पूर्ण १ लिटरमध्येच. अर्ध्या लिटरमध्ये कालवलं तर दाट होतं, मळमळतं, जुलाबही होतात. रोज नको, शिखराच्या दिवशी १ लिटर आणि जुलाब-उलटी झाली तर. एरवी जेवणातलं मीठ पुरतं. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

घाटातली_ताई

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. आडोसा मिळत नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी डोकं धरतं आणि सगळ्यांना वाटतं उंची लागली. वर लघवीच्या जळजळीचा त्रास वेगळा. तासातासाला अख्ख्या ग्रुपने दहा मिनिटं थांबायचं हे आधीच ठरवा, म्हणजे कुणा एकीला सांगावं लागत नाही. उभ्याने जाण्याचं फनेल औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं, ते घरी दोन-चारदा वापरून बघा, तिथे पहिल्यांदा नको.

डेहराडून ते सांक्री हा गाडीतला दिवसही मोजा. सुमारे २०० किलोमीटर, आठ-दहा तास वळणं. उलटी होईल म्हणून लोक पाणी टाळतात आणि ट्रेक सुरू होण्याआधीच लिटरभर मागे पडतात. तासाला एक पेला, लहान घोटांनी.

तळ्याकाठचा

माणशी बाटली आणि थर्मास पक्कं. जुडा का तालाबच्या जादा रात्रीचं आयोजकांशी बोलतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्यायची आहे, चालेल ना?

चादर_घरी_ठेवा

चटणी नक्की न्या. मीठ आहे, तेल आहे, गोठली तरी खाता येते. कडक भाकरी चालता चालता नको, तोंडातली होती नव्हती ती लाळ शोषून घेते आणि घासागणिक पाणी मागते. मुक्कामाला गरम सूपमध्ये चुरून खा.