मूल नको म्हणणं खरंच स्वार्थीपणा आहे का? मदत हवी आहे

मी आणि नवरा, दोघांनी नीट विचार करून ठरवलंय की मूल नको. घरी सांगितल्यापासून सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलतात आणि परवा जेवताना नणंद सरळ म्हणाली, वहिनी, तुम्ही दोघं फक्त स्वतःचंच बघता. घास तसाच हातात राहिला. पोप फ्रान्सिस पण २०२२ मध्ये म्हणाले होते की मुलांऐवजी कुत्री-मांजरं पाळणं हा एक प्रकारचा स्वार्थ आहे, तेही नवऱ्याला कुणीतरी फॉरवर्ड केलं.

पण मला कळत नाही, जे मूल जन्मालाच आलेलं नाही त्याचं आपण नक्की काय हिरावून घेतोय? आणि म्हातारपणी आपलं कोण बघेल म्हणून मूल जन्माला घालायचं, त्यात स्वार्थ नाही का? मनापासून नको असताना लोकांसाठी मूल होऊ देणं हा मला तरी त्या मुलावरच अन्याय वाटतो.

सासूबाईंचं दुःख मात्र खरं आहे, नातवंडाची किती आस आहे त्यांना ते मी रोज बघते, त्यांना दुखवायचं नाहीये. ज्यांनी हा निर्णय घेतलाय त्यांनी घरच्यांना कसं समजावलं? आणि ज्यांना हे खरंच स्वार्थी वाटतं त्यांनीही का वाटतं ते लिहा प्लीज.