ओरलँडोतील मार्डी ग्रा: मिरवणूक पाहावी की राइड कराव्यात?

प्रश्न: फेब्रुवारीत सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही अमेरिकेतील ओरलँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या मनोरंजन उद्यानात जाणार आहोत आणि नेमका तेव्हाच तेथे मार्डी ग्रा, म्हणजे अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या प्रसिद्ध कार्निव्हलच्या धर्तीवरचा चित्ररथांच्या मिरवणुकीचा उत्सव, चालू असेल. दिवसभराच्या राइडनंतर मिरवणुकीपर्यंत मुलीचा धीर टिकेल का? त्यासाठी वेगळे तिकीट लागते का?

उत्तर १: वेगळे तिकीट लागत नाही, मिरवणूक आणि ठरावीक रात्रींच्या संगीताच्या कार्यक्रमांचा समावेश उद्यानाच्या प्रवेशातच असतो. मुलीला दुपारी झोपवून मगच उद्यानात या, कारण सकाळपासून फिरलेले मूल पहिला चित्ररथ येण्याआधीच खांद्यावर मान टाकते. आमच्या चिरंजीवांनी सगळा सोहळा असाच झोपेत घालवला.

उत्तर २: चित्ररथांवरून मण्यांच्या माळा भराभर भिरकावल्या जातात. माझ्या चष्म्यावर एक अशी आदळली, की उरलेली मिरवणूक मी एकाच काचेतून पाहिली! मुलीला पुढे उभे करा, पण खाली पडलेली माळ उचलायला रस्त्यावर वाकू देऊ नका.

उत्तर ३: केवळ राइडच हव्या असतील, तर मिरवणुकीच्या वेळी रांगा बऱ्याचदा आखूड होतात, हे खरे, तरीही मी मिरवणूकच निवडेन. हे चित्ररथ न्यू ऑर्लिन्सच्या कर्न स्टुडिओजने घडवलेले असतात, आणि जांभळा, हिरवा व सोनेरी हे तिथल्या उत्सवाचे रंग अनुक्रमे न्याय, श्रद्धा आणि सत्ता यांची प्रतीके मानले जातात.