पहिली गिअरची गाडी कोणती घेतलीत? कोकणातल्यांनी अनुभव लिहा

लेकीला कॉलेजला जायला गिअरचीच गाडी हवी आहे. लर्निंग निघालंय, तीस दिवस झाले की पक्क्या लायसनची टेस्ट. आम्ही हातखंब्याच्या आतल्या बाजूला राहतो. शोरूमवाले सीसी आणि मायलेजच्या पलीकडे बोलत नाहीत. इथल्याच रस्त्यांवर शिकलेल्यांनी सांगा, पहिली गाडी जमली की फसली?

गुहागर
फसली. बुलेटची हौस, म्हणून थेट क्लासिक ३५० घेतली. वजन १९५ किलो, आणि मी जेमतेम ५८. सरळ रस्त्यावर राजा होतो. मग ओहोटीच्या वेळी दाभोळहून धोपाव्याच्या फेरीबोटीत चढताना उतारावरच्या शेवाळावर पाय सरकला. गाडी हळूहळू कलली, मी तिच्यासोबत. दोन खलाशांनी धरली म्हणून खाडीत गेली नाही. बोटीतल्या कोळणी हसत होत्या ते वेगळंच. आठ महिन्यांत विकली आणि स्प्लेंडर आणली, साधारण ११२ किलोची. आता पाखाडीच्या, म्हणजे घराकडे जाणाऱ्या अरुंद दगडी वाटेच्या, तोंडाशी एकटा वळवतो. बुलेट वाईट नाही हो, माझी वेळ चुकली.

देवगड
मी पाच फूट एक. बाबांनी शोरूममध्ये एकच गोष्ट सांगितली, "झिला, दोनव पाय टेकतत काय ता आधी बघ." सीटची उंची ७८५ मिमी निघाली, टेकले, घेतली. रंगसुद्धा नंतर बघितला.

चिपळूण
माझी पहिली दीडशे सीसीची, आणि पश्चात्ताप नाही, कारण आठवड्याला कुंभार्ली घाट. शंभरची गाडी डबलसीट चढते, पण दम लागतो तिला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालं, तेव्हा त्याखाली सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) चालायचं. सिंगल चॅनेल असेल तर एबीएस बहुधा पुढच्याच चाकाला, हे विचारून घ्या. पण चिऱ्याच्या ट्रकमधून सांडलेल्या लाल चिखलावर कुठलंच एबीएस फार कामाला येत नाही. उतरताना दुसरा गिअर, क्लच सोडलेला, ब्रेक हलकेच. क्लच दाबून घाट उतरणारे आमच्याकडे पुष्कळ, पेट्रोल वाचतं म्हणे.

हर्णै
जुनी घेणार असाल तर टाकी पुसून चमकवलेली बघू नका, खाली वाका. सायलेन्सरची खालची बाजू, स्पोक, साखळी, मडगार्डच्या आतलं. माझी आधी मासळीच्या टोपल्या वाहायची, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही. खारं पाणी कॅरिअरमधून झिरपून मागची फ्रेम पोखरली होती. किनाऱ्यावर राहता तर गोड्या पाण्याने धुणं आणि साखळीला तेल हे नव्या गाडीलाही चुकत नाही.

हातखंबा (पुन्हा मीच)
काल लेकीला शेजारच्यांच्या स्प्लेंडरवर बसवलं. पाय टेकले. मग गाडी अंगणात आडवी पाडून तिला एकटीला उचलायला लावली. तिसऱ्या खेपेस उचलली. आजी ओट्यावरून ओरडत होती, आधी हेल्मेट घ्या म्हणून. ते मात्र अजून घ्यायचंय.