"शाळा 1962 ला सुरू झाली" म्हणणाऱ्या भावासाठी

सीनाकाठचा: काल एका भावानं टाकलं, "गावातली जुनी खोली पाडा, इतिहास-बितिहास काय न्हाई, झेडपी आली 1962 ला तवाच शाळा सुरू झाली." डोकंच फिरलं. अरे झेडपीला शाळा आयत्या मिळाल्या, लोकल बोर्डाच्या, म्हणजे झेडपीच्या आधी जिल्ह्याचा कारभार बघायचं त्या मंडळाच्या. त्याच्याबी आधी इंग्रज शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा लोकल फंड घ्यायचा, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला, म्हणजे ह्या शाळा आपल्या आज्या-पणज्यांच्या ज्वारीच्या पैशावर उभ्या राहिल्यात. माझ्या आज्जानं त्याच खोलीत पाटी गिरवली. आधी शाळा मारुतीच्या देवळात भरायची, मग गावानं गाढवावरनं पांढरी माती आणून माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत केलं, अडीच हात रुंद भिंत, मे महिन्यात बाहेर 43 असलं तरी आत गार.

बार्शी रोड: आणि गळतं ते कोण सांगणार? मी तिथंच चौथीपर्यंत होतो. पावसात मातीचा गोळा पडला आन त्याच्यासंगं विंचू, थेट माझ्या दप्तरावर. परितेवाडीची खोली गोठ्याला लागून, पडकी होती, तिथल्या डिसले गुरुजींना 2020 ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. शाळा माणसानं चालते, भिंतीनं न्हाई.

मास्तरांची लेक: भिंतीचं राहू दे दादा, जनरल रजिस्टर, म्हणजे पोरांची नावं-जन्मतारखा लिहिलेलं दाखल्याचं पुस्तक, त्याच खोलीतल्या लोखंडी पेटीत आहे, सुरुवातीची पानं मोडी लिपीत. 2023 ला कुणबी नोंदी शोधायला सगळा गाव त्याच पेटीभोवती जमला होता. तेव्हा इतिहास लागला ना?

बार्शी रोड: रजिस्टरचं कौतुक मला नको सांगू ताई. माझ्या बापूंची जन्मतारीख गुरुजींनी 1 जून ठोकली, वर दोन वर्षं जास्तीची. नोकरीतनं दोन वर्षं आधी घरी बसले, तवा माझी बहीण लग्नाची होती. गावातला निम्मा म्हातारा 1 जूनला जन्मलाय!

सीनाकाठचा: मग काय करणार गुरुजी? आई सांगायची "पेरणीच्या टायमाला झाला". उजवा हात डोक्यावरनं नेऊन डावा कान धरला की पोरगं सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये उघडायची, टाकली 1 जून.

बार्शी रोड: तुझ्या घरातलं कोण दोन वर्षं आधी रिटायर झालं? न्हाई ना? मग गप बस.

मास्तरांची लेक: माझे वडील असंच रजिस्टर भरायचे. दुपारी शाळा सुटली की घरोघर फिरून विचारायचे, पुराच्या आधी का नंतर, थोरल्या बैलाच्या साली का. पोरींची नावं घालायला तर बापांच्या पाया पडायचे. तुमच्या बापूंचं वाईट झालं, मान्य, पण गुरुजींना वाईट बोलू नका.

बार्शी रोड: वाईट बोललो न्हाई. पण पोरं त्या माळवदाखाली बसवायची न्हाईत, हे मी सोडणार न्हाई.

सीनाकाठचा: बसवा कुठं म्हणतोय मी? नव्या खोल्या मागच्या बाजूला बांधा, जागा आहे. ही नीट करून पुस्तकं आन पेटी ठेवू. पाडायची न्हाई एवढंच. रविवारी माळवदावरचं गवत उपटतोय, खोरं घेऊन या.

बार्शी रोड: येतो. पण गवतासाठी न्हाई, बापूंचं पान बघायचंय.